दंडाचं माप

हर्षलाच्या दंडाभोवतीची टेप साडेअकरा इंचांवर थांबली. तीन आठवड्यांपूर्वी बारा भरली होती. गजाने दंडामागची कातडी चिमटीत धरून पाहिली. जाडी तेवढीच होती. चरबी तशीच आणि दंड बारीक, म्हणजे गेलं ते मांस.

"झडतेय ना मी, दादा?" हर्षला रसायनीच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. शिफ्ट सुटली की गजाच्या खालापूरच्या जिममध्ये यायची. जिल्ह्याच्या शरीरसौष्ठव स्पर्धेला पाच आठवडे उरले होते.

गजाने टेपवरचा आकडा पुन्हा पाहिला. डाएट सुरू झालं तेव्हा त्यानेच सांगितलं होतं, आता जड उचलू नको, हलकं घे, पंचवीस-पंचवीस वेळा मार, कट्स येतील, स्नायूंच्या रेघा उठून दिसतील. त्याच्या उस्तादांनी त्याला हेच शिकवलं होतं. तिच्या बैठकांचं वजन त्याने चाळीस किलोंवरून वीसवर आणलं.

मग खोपोलीचा राहील भेटला. तोही पोरं तयार करायचा. "उलटं करतोयस, गजाभाई. कमी खाताना सेट कमी करायचे, वजन नाही. जड उचलायचंच नसेल, तर शरीर मांस कशाला सांभाळेल?"

गजाने ते हसण्यावारी नेलं. पण घरी येऊन आपली जुनी वही काढली. पंधरा वर्षांपूर्वी स्पर्धेआधी हलकं उचलून तोही असाच झडला होता, आणि पंचांनी डावललं असं आजवर सगळ्यांना सांगत आला होता. वही पाहिली त्याला तीन आठवडे झाले. रोज हर्षलाला खरं सांगायचं ठरवायचा, रोज राहून जायचं.

हर्षलाने डंबेल उचललं.

"डंबेल हाय का खुळखुळा गं?" पलीकडे व्यायाम करणारा योगेंद्र ओरडला. सगळे हसले. हर्षला हसली. गजाही हसला, आणि त्याचे कान तापले.

"माझं अंगच तसलं," ती हळूच म्हणाली. "आयपण काटकुळीच हाय. घरात नवा तांदूळ आलाय, ती ताट वाढते न् मी काकडी चावते. म्हणते, सुगीत कुनाचा उपास धरलायस गं?" तिने डंबेल खाली ठेवलं. "दादा, उद्यापासनं अंडी पण बंद करते. तुमी एवडी मेहनत घेताय, मीच कमी पडतेय."

गजाने टेप गुंडाळायला घेतली, ती तशीच हातात राहिली. योगेंद्र अजून इकडेच बघत होता. बघू दे.

"तू नाय कमी पडलीस," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी तुला चुकीचं शिकवलं, हर्षला."