भिंतीकडे तोंड करा, फाइल येईल

कृत्रिम पाय बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात मी शिरलो तेव्हा झाडून सगळी माणसं भिंतीकडे तोंड करून उभी होती. प्लास्टरने पांढरे झालेले हात जोडलेले, डोळे गच्च मिटलेले. साचे ओतणारे, चामडं शिवणाऱ्या मावशी, म्हातारे सुतार आणि सगळ्यांत पुढे, भिंतीला नाक टेकेल इतके जवळ, आमचे व्यवस्थापक. खोलीत एकाच माणसाची भिंतीकडे पाठ होती. तो कॉम्प्युटरपुढे बसला होता. डावा तळवा सीपीयूवर, उजवा माऊसवर, आणि तोंडाने चाललं होतं, "ये, परत ये. देह सोडलास, पण घर तुझं इथंच आहे."

"काय चाललंय हे?" मी विचारलं.

"श्श," व्यवस्थापक भिंतीलाच म्हणाले. "डॉक्टर, तोंड फिरवा. फाइल येतेय."

मी तोंड फिरवलं नाही. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि खेदाने मान हलवली. "यांच्या शंकेनं कंपनं बिघडतात. यांना जरा बाहेर थांबवा."

आणि मला, त्या जागेच्या डॉक्टरला, खरंच बाहेर काढलं. थोड्या वेळाने आतून टाळ्या ऐकू आल्या, तेव्हा मी डोकावलो. गेलेली फाइल पडद्यावर हजर झाली होती. मावशी डोळे पुसत होत्या. म्हातारे सुतार वाकून त्या माणसाच्या पाया पडले. दुसऱ्यांना उभं करण्यासाठी ज्या माणसाने आयुष्यभर पाय घडवले, त्याने असल्याचे पाय धरावेत, याची मला किळस आली.

फाइलबाबा हे नाव लोकांनीच दिलेलं. भगवं नाही, जटा नाहीत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. पूर्वी तो कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा. क्लास बसला, तेव्हा अध्यात्म सुचलं. "माहिती मरत नसते साहेब," तो चहा फुंकत सांगायचा. "ती सूक्ष्मात जाते. प्रत्येक आकड्याला स्पंदन असतं. मी फक्त हाक मारतो." आणि आमचे व्यवस्थापक, दोन पदव्यांचे धनी, माना डोलवायचे.

आता आमच्याकडे फाइली इतक्या का जायच्या, ते सांगतो. पेशंट आला की त्याच्या उरलेल्या पायाची मापं घ्यायची: घेर, लांबी, कुठे दुखतं, कुठे हाड वर आहे. ती नव्या कोऱ्या एक्सेल शीटमध्ये टाइप करायची, कागद छापायचा, ओल्या साच्यावर चिकटवायचा आणि शीट बंद करायची. "जतन करायचं का?" असं प्रोग्रॅम विचारायचा आणि आमची माणसं "नको" दाबायची. कधीकाळी कॉम्प्युटर भरला होता, तेव्हा व्यवस्थापकांनी फर्मान काढलं होतं की कागद निघाला की फाइल ठेवायची नाही. बोटांना तीच सवय लागली. मग प्रिंटरची शाई संपलेली असली, कागद निघालेलाच नसला, तरी बोट आपलं "नको"वर. नंतर कपाळावर हात आणि बाबांना फोन.

मापं घेणारी आमच्याकडे एकच बाई. वयाने मोठी माणसंसुद्धा तिला ताई म्हणतात. तुटलेल्या पायाला हात लावताना भले भले बिचकतात, ती बिचकत नाही, म्हणून पेशंटही तिच्यासमोर आखडून बसत नाहीत. त्या वर्षी तिचं बाळ पोटातच गेलं होतं. रजा संपवून ती नुकतीच कामावर आली होती.

कारखान्यातच भरलेल्या एका शिबिरात लांबलांबून आलेल्या माणसांची मापं तिने दिवसभर घेतली. घेता घेताच ती थेट शीटमध्ये टाइप केली. शाई संपली होती. बोटाने सवयीने "नको" दाबलं.

"कुणी हात लावू नका," व्यवस्थापक धावत आले आणि त्यांनी कॉम्प्युटरवर चक्क चादर घातली. बाबा परगावी होते. ते आठवड्याने उगवले.

पुन्हा भिंत, पुन्हा मिटलेले डोळे. या वेळी मी दाराबाहेरूनच बघत होतो. हाक मारून झाली, माऊसची टकटक झाली, कपाळाला घाम आला, पण फाइल काही येईना. नाचता येईना अंगण वाकडं, तसं बाबाने मग खोलीकडे बोट केलं. "या फाइलला शेवटचा हात कुणाचा?"

ताई पुढे झाली.

"घरी काही अशुभ घडलं होतं?"

तिने व्यवस्थापकांकडे पाहिलं. आणि व्यवस्थापकांनी, तिच्या वतीने, सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

बाबाने सुस्कारा सोडला. "मग बरोबर आहे. जिच्या पोटात जीव टिकला नाही, तिच्या हातात आकडे कसे टिकतील?"

मी आत घुसून त्याला जे बोललो ते इथे छापण्याजोगं नाही. "डॉक्टर, तुम्ही हाडांचं बघा," व्यवस्थापक म्हणाले. पुढच्या आठवड्यात बाबा शुद्धी करतील, तोवर ताईने ना कॉम्प्युटरला हात लावायचा, ना पेशंटला. शुद्धी लागू पडली नाही तर मापांच्या कामाला दुसरं माणूस बघायचं, असंही ठरलं.

संध्याकाळी ती नळाखाली हात घासत होती. त्या दिवशी तिने प्लास्टरला बोटही लावलं नव्हतं.

"डॉक्टर, एक विचारू? रागावू नका. माझ्या हातात खरंच काही असेल का?"

"ताई, बाळ का गेलं ते रिपोर्टमध्ये लिहिलंय. तुम्हीच मला दाखवलात तो."

"माहीत आहे हो. पण बाळही गेलं आणि फाइलही गेली. एकटी असले की दोन्ही एकत्रच आठवतं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चोर पाकीट मारतो, तेवढ्यावर थांबतो तरी. हा माणूस आईच्या दुःखात हात घालून आपलं अपयश झाकत होता.

बाबा गेल्यावर पुन्हा घातलेली चादर मी ओढून काढली आणि कॉम्प्युटरपुढे बसलो. मला त्यातलं फारसं कळत नाही. म्हणून ताईने जे केलं तेच केलं. कोऱ्या शीटमध्ये काहीबाही आकडे टाकले, चहा पिऊन आलो, शीट बंद केली. प्रश्न आला. आणि "नको" दाबण्याआधी, आमच्या कारखान्यात बहुधा पहिल्यांदाच, कुणीतरी त्या प्रश्नाखालची ओळ वाचली. जतन केलं नाहीत तरी या फाइलची अलीकडची प्रत तात्पुरती उपलब्ध राहील, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं.

शुद्धीच्या दिवशी मी पडदा खोलीकडे फिरवून ठेवला. "आज कुणी भिंतीकडे बघायचं नाही."

"उघड्या डोळ्यांपुढे ती येत नाही," बाबा म्हणाला. "ऊर्जा संकोचते."

"संकोचू दे. लग्नाला उभी नाही करायची तिला."

मावशी हसल्या आणि त्यांनी पटकन तोंडाला पदर लावला. मी सांगितलं, "मी दोन फाइली केल्या. दोन्ही याच हाताने, दोन्हींना 'नको' म्हटलं. एक मागच्या आठवड्यात, एक आज सकाळी. आता बघा."

मेनूत 'फाइल', मग 'माहिती', आणि तिथे एक पर्याय: जतन न केलेल्या फाइली परत मिळवा. दाबलं. यादीत एकच फाइल होती, सकाळची. उघडली. आकडे जिथल्या तिथे.

"आणि दुसरी?" सुतारांनी विचारलं.

"दुसरी दोन दिवसांनी या यादीत होती, मी पाहिली होती. पाचव्या दिवशी नव्हती. प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी आपणहून एक प्रत काढतो. आपण 'नको' म्हटलं तरी शेवटची प्रत चार दिवस सांभाळतो, मग पुसतो. मदतीच्या पानावर लिहिलंय, कुणीही वाचावं. हात तोच, पाप तेच, तरी एक आली आणि एक गेली. हे बाबा चार दिवसांच्या आत पोचले की चमत्कार. उशिरा पोचले की तुमचं पाप."

"पण ती प्रत काढण्याची प्रेरणा कुठून येते?" बाबा अजून हटत नव्हता.

"प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडून. त्यांना त्याचा पगार मिळतो."

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला होता. "पण डॉक्टर, आधी इतक्यांदा त्यांनी आणली, ती आम्ही प्रत्यक्ष पाहिली."

"काय पाहिलंत? भिंत पाहिलीत."

"म्हणजे मी ती चादर घातली नसती तर…"

"तर ताईनेच दुसऱ्या दिवशी फाइल परत मिळवली असती. फाइल तिच्या हाताने गेली असेल, पण मेली ती तुमच्या चादरीखाली."

बाबाने पेन खिशात नीट बसवलं, इथली कंपनं आता कायमची बिघडली असं काहीसं म्हणाला आणि गेला. दारापर्यंत सोडायला कुणी गेलं नाही.

मी खुर्चीवरून उठलो. "ताई, बसा."

ती बसेना. व्यवस्थापकांकडे बघत राहिली. ते मान खाली घालून म्हणाले, "बस, ताई."

तिने कोऱ्या शीटमध्ये काही मापं लिहिली. प्रत निघायला वेळ लागतो, म्हणून आम्ही थांबलो. कुणी कामाला गेलं नाही. मग तिने शीट बंद केली, तो संदेश सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला आणि "नको" दाबलं. यादी उघडली. तिची फाइल तिथे होती. ती उघडून तिने एकेक आकडा तपासला, आणि मग तोंड झाकून खूप वेळ रडली. मावशी तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. नळापाशी केलेला तो प्रश्न तिने मला पुन्हा कधी विचारला नाही.

शिबिरातली मापं मात्र गेली ती गेलीच. माणसं कुबड्या घेऊन पुन्हा लांबून आली. त्यांना फोन व्यवस्थापकांनी स्वतः केले, आणि "आमची चूक झाली" असं त्यांनी प्रत्येकाला सांगावं म्हणून मी शेजारी बसून राहिलो. मापं ताईनेच घेतली.

वाचकहो, मशीन बिघडेल, मूल दगावेल, पीक जाईल. प्रत्येक गोष्टीला कारण असतं. ते कधी सापडतं, कधी नाही सापडत. पण त्याचं खापर कुणी एखाद्या बाईच्या माथी फोडायला आलं, तर त्याला नमस्कार करू नका. त्याला विचारा, "कसं? आमच्यासमोर करून दाखवा." आणि तो दाखवेपर्यंत तिच्या बाजूने उभे राहा.