पहिला घोट

सिंदिले स्वतःला चेअरमन म्हणवून घ्यायचा. कशाचा, असं कोणी विचारलंच तर शर्टावरचा बिल्ला दाखवायचा: गुगुलेथू व्यापारी सुरक्षा मंच. या मंचाला ना घटना होती ना सभासद. एक पांढरी पिकअप, चार धटिंगण आणि पेट्रोलचा एक कॅन, एवढ्या भांडवलावर त्याने गुगुलेथू वस्तीतल्या अख्ख्या रस्त्याला सुरक्षा पुरवायचा विडा उचलला होता. सुरक्षा कोणापासून, तर त्याच्याचपासून.

रस्त्यानेही त्याला चांगली साथ दिली. पार्लरवाल्या नोझुकोने हप्त्याला नकार दिला, तिचं पार्लर जळलं, आणि दुसऱ्याच दिवशी बेकरीवाल्याने आपण होऊन सिंदिलेच्या पोरांसाठी दारात खुर्च्या मांडल्या. वर उशाही ठेवल्या. माबेलेला जळलेल्या पार्लरपेक्षा त्या उशांचा जास्त संताप आला होता.

माबेलेचं नाव खरं तर नोमाखवेझी. पण बेले कुळातली लेक म्हणून लहानथोर सगळे तिला माबेलेच म्हणत. रस्त्याच्या टोकाला तिचा बिअरबार होता, ‘रेड गेट’. मागच्या शेडमध्ये स्टीलच्या टाक्या होत्या आणि त्यांच्या शेजारी चुलीवर तिच्या आईच्या वेळचा लोखंडी हंडा. टाक्यांमध्ये फिकट एल आणि ज्वारीची काळी स्टाउट अशा दोन बिअर व्हायच्या. हंड्यात उम्कोंबोती, म्हणजे मोड आणलेली ज्वारी आणि मक्याचं पीठ आंबवून केलेली घरची दाट, आंबूस बिअर. शनिवारी डोंगरापलीकडून शहरातली मंडळी यायची, ग्लास उजेडात धरायची आणि यात कॉफीचा वास येतो, यात चॉकलेटचा, असं एकमेकांना सांगत बसायची. माबेले त्यांचे पैसे घ्यायची आणि गप्प राहायची. वास ज्वारीचा असायचा.

नवी बिअर निघाली, मग ती टाकीतली असो की हंड्यातली, की माबेले ती कान असलेल्या पत्र्याच्या भांड्यात ओतायची, सगळ्यांसमोर जमिनीवर बसायची आणि पहिला घोट स्वतः घ्यायची. जिने गाळली तिने आधी प्यायचं. मग बसलेल्यांत जो सगळ्यांत थोर त्याने, आणि मग उतरत्या मानाने बाकीच्यांनी. आत काही वाईटसाईट घातलेलं नाही, याची ती ग्वाही. तो घोट झाल्याशिवाय गुगुलेथूतला कोणताही शहाणा माणूस भांड्याला ओठ लावत नाही. शहरातले लोक त्या वेळी फोटो काढायचे आणि टाळ्या वाजवायचे. त्यांना तो कार्यक्रम वाटायचा.

गेटवर ताता जोंगिले असायचे; ताता म्हणजे बाबा, थोरांना सगळे तसंच म्हणत. गोदीत हमाली करून एक गुडघा कामातून गेलेला, खांद्यावर करडी घोंगडी, हातात गाठीची काठी. कोणाला जास्त झाली की ते एवढंच म्हणायचे, “बाळा, आता आईकडे जा,” आणि तो जायचा. रेड गेटमध्ये नशेची पावडर विकणारा कधी शिरला नाही, तो या म्हाताऱ्यामुळे. सिंदिलेला नेमकं हे गेटच हवं होतं. गेटवर माणूस त्याचा आला की आत मालही त्याचाच येणार, आणि मग बार नावापुरताच माबेलेचा उरणार.

तो आला तेव्हा दुपार होती आणि माबेले टाकी घासत होती. मागे लुयोलो, चौघांतला सगळ्यांत धिप्पाड, दाराला टेकून च्युइंगम चघळत उभा राहिला.

“माबेले, तुम्ही मला आईच्या जागी,” सिंदिले म्हणाला.

“तुझी आई जिवंत आहे. ती जागा रिकामी नाही.”

“तुमचा तो म्हातारा आता किती पुरणार? उद्या कोणी पेटती बाटली आत फेकली तर काठीने विझवणार का?”

“फेकणार कोण?”

“काळ वाईट आलाय.”

“हो ना. त्या काळाच्या छातीवर बिल्ला असतो म्हणे.”

सिंदिले हसला. चेअरमन झाल्यापासून तो अपमान झाला की हसायला शिकला होता. मग त्याने मुद्दा काढला. मध्यंतरी दुसऱ्या टोळीने त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या. एकच लागली, ती ढुंगणाला, कारण तो पळत होता. जीव वाचला म्हणून आता पूर्वजांचे आभार मानायचे होते: बैल कापायचा, बिअर गाळायची, सगळ्या रस्त्याला बोलवायचं. पण गाळणार कोण? बायको सोडून गेलेली, आणि आईची बोटं संधिवाताने वाकलेली.

“पूर्वजांना दुकानातली खोक्यातली बिअर चालत नाही, असं आई म्हणते,” तो म्हणाला. “तेव्हा रविवारी हंडा तुम्ही लावायचा. पिंपभर. आणि सोमवारपासून गेटवर लुयोलो.”

“मी नाही म्हटलं तर?”

“कशाला म्हणाल? नोझुकोला विचारून बघा, नाही म्हणून काय होतं ते.”

ते गेल्यावर माबेलेने टाकी पुन्हा घासायला घेतली. शेवटी घासणी फेकून ती सोबेक्वाकडे गेली.

सोबेक्वा हा रस्त्यातला सगळ्यांत थोर माणूस. वयाने होता, बाकी कशाने ते देव जाणे. रेड गेटमध्ये माबेलेनंतरचा दुसरा घोट नेहमी त्याचा असायचा, आणि ते भांडं तो असा ऐटीत घ्यायचा, जणू ज्वारी त्यानेच पेरली होती. तिने त्याला एवढंच सांगितलं: तुम्ही चारपाच जाणत्यांनी मिळून सिंदिलेला एक शब्द सांगा, गेट सोड म्हणून.

“माबेले, पोरगा आपलाच आहे गं,” सोबेक्वा म्हणाला. “जरा दमाने घे. गेट ते काय, चार पट्ट्या लोखंडच की.”

“आणि ताता, तुमच्या पाठीत काय आहे?”

“आता असं बोलू नये. रविवारी कार्याची सूत्रं माझ्याकडेच आहेत. मला तिथे बोलायला तोंड राहायला हवं.”

बैलाचा कोणता वाटा त्याला कबूल झालाय, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. माबेले परतली.

मोड आणलेली ज्वारी तिच्याकडे होतीच. तिने पीठ भिजवलं, हंडा चुलीवर चढवला, आणि लाकडी दांड्याने ढवळत राहिली. ताता जोंगिले काठीवर हनुवटी टेकून बघत होते. बराच वेळ झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “यात काही घालायचा विचार आहे का?”

माबेलेने ढवळणं थांबवलं. “माझ्या आईच्या हंड्यात? ताता, त्याच्यासाठी मी मूठभर ज्वारी नासवणार नाही. तेवढी लायकी नाही त्याची.”

आणि खरोखरच तिने जीव ओतून बिअर केली. फेस असा आला की झाकण उचललं गेलं. गाळताना तिला रडू आलं, कारण इतकी चांगली बिअर इतक्या हलकट घरी जायची होती.

रविवारी सिंदिलेच्या अंगणात सगळा रस्ता लोटला. फांद्यांचं कुंपण घालून गोठा उभा केला होता, बैल कापून झाला होता, आणि गोठ्याबाहेरच्या सावलीत पुरुष टोप्या काढून मानाप्रमाणे भिंतीला धरून बसले होते. बेकरीवाला होता. नोझुकोही आली होती, कारण अशा कार्याला बोलावणं लागत नाही आणि कोणाला हाकलताही येत नाही. सिंदिले सूट घालून मधोमध बसला होता, जखमेखाली उशी घेऊन. ती उशी माबेलेने लगेच ओळखली. बेकरीवाल्याचीच होती.

सोबेक्वाने घसा खाकरून सिंदिलेच्या पूर्वजांची नावं घेतली. धैर्य, दातृत्व वगैरे शब्द त्याने न अडखळता उच्चारले. मग तो म्हणाला, “आता जिने गाळली ती उघडेल.”

माबेले पुढे आली, जमिनीवर बसली, पत्र्याच्या भांड्यात बिअर ओतली, वरचा फेस बाजूला केला. आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

“माबेले, घोट,” सोबेक्वा दबक्या आवाजात म्हणाला.

“मी नाही घेणार.”

“म्हणजे?”

“मी घोट घेते तो मी दिलेल्या बिअरचा. ही मी दिलेली नाही, माझ्याकडून नेलेली आहे. ज्याने नेली त्याने ग्वाही द्यावी.”

सोबेक्वाने पुढे आलेला हात हळूच मागे घेतला. नोझुकोचं पार्लर जळताना ज्या माणसांना खिडकीही उघडवली नव्हती, त्यांना आता रीत आडवी आल्यावर एकाएकी ताठ बसता आलं. सिंदिलेला नाही म्हणायची त्यांच्यात हिंमत नव्हती. पण पहिला घोट झालेला नसताना पिणार तरी कसे, एवढं म्हणायला हिंमत लागत नव्हती.

सिंदिले हसला. “लुयोलो, पी रे.”

लुयोलोचं च्युइंगम थांबलं. “चेअरमन, माझ्या ना, गोळ्या चालू आहेत. अँटिबायोटिक.”

“मग तू.”

“मी चर्चला जायला लागलोय,” दुसरा धटिंगण म्हणाला. त्याच्या तोंडाला सकाळपासून ब्रँडीचा वास येत होता.

बायकांच्या घोळक्यात कोणीतरी खोकल्यासारखं केलं.

“सिंदिले,” माबेले शांतपणे म्हणाली, “अख्ख्या रस्त्याची सुरक्षा तुझ्याकडे आहे ना? मग ही भांडंभर बिअर आहे. एवढी कर सुरक्षित.”

त्याने भांडं उचललं. तोंडाजवळ नेलं. फेस त्याच्या मिशीला लागला, आणि तिथे त्याने माबेलेकडे पाहिलं. ती त्याच्याकडे न विसळलेल्या भांड्याकडे बघावं तशी बघत होती. तिच्या जागी तो असता तर त्याने नक्कीच काहीतरी कालवलं असतं. तिनेही कालवलं असणार, याबद्दल त्याला शंका उरली नाही. त्याने भांडं खाली ठेवलं.

“आधी पाहुण्यांनी,” तो म्हणाला. आवाज फाटला होता.

तेव्हा घराच्या उंबऱ्याशी चटईवर बसलेली त्याची आई उठली. म्हातारी काठी टेकत, कोणाचाही हात न धरता आली. वाकलेल्या दोन्ही हातांत तिने भांडं धरलं आणि सावकाश, दम न घेता, निम्मं रिकामं केलं. मग खांद्यावरच्या ब्लँकेटने तोंड पुसलं.

“छान झालीय, माबेले,” ती म्हणाली. “मोड बरोबर आले होते. माझी सासू अशी करायची.”

“तुमच्यासाठी केली असती तर मीच आधी प्यायले असते, मखुलू,” माबेले तिला आजीचा मान देत म्हणाली.

“माहीत आहे मला.” म्हातारी मुलाकडे वळली. “तू गोळीला घाबरून पळालास, ते मी गिळलं. पोरा, आज तू ज्वारीला घाबरलास.”

भिंतीशी उभी असलेली नोझुको मोठ्याने हसली. लपवून नाही, पोट धरून. मग बायका हसल्या. पुरुष हसले नाहीत. त्यांनी टोप्या घातल्या आणि एकेक करून गेटाबाहेर पडले. सिंदिले “बसा की, बसा,” म्हणत राहिला. बैल तसाच, बिअर तशीच. त्याच्या पूर्वजांच्या वाट्याला त्या दिवशी फक्त सोबेक्वाचं भाषण आलं.

सोमवारी सकाळी माबेलेने वाळूच्या बादल्या भरून गेटाशी ठेवल्या. ताता जोंगिले रोजच्यासारखे घोंगडी घेऊन उभे राहिले. दुपारी पिकअप रस्त्यावर वळली. जळक्या पार्लरसमोर नोझुको आणि तिच्या मैत्रिणी बसल्या होत्या; नोझुकोने पत्र्याचा एक मग उंच धरला आणि गोड आवाजात विचारलं, “चेअरमन, घोटभर?” पिकअप रेड गेटपाशी हळू झाली. आत लुयोलो खिडकीबाहेर बघत हसू दाबत होता. सिंदिलेने ते पाहिलं. पिकअप थांबली नाही, आणि पुन्हा त्या रस्त्याला आलीही नाही. बेकरीवाल्याने उशा आत नेल्या. खुर्च्या मात्र दारातच ठेवल्या, सांगता येत नाही म्हणून.

शनिवारी नवी स्टाउट निघाली. कितीतरी दिवस न फिरकलेली जाणती मंडळी आज लवकर आली. सोबेक्वा सगळ्यांच्या पुढे, आपल्या नेहमीच्या जागी.

“बघ, माबेले,” तो म्हणाला, “आम्ही सगळे तुझ्या पाठीशी होतो.”

माबेले जमिनीवर बसली. भांडं भरलं, पहिला घोट घेतला. सोबेक्वाचा हात सवयीने पुढे आला. ती उठली, त्या हातासमोरून गेली, आणि गेटाशी जाऊन म्हणाली, “ताता, बसा.”

ताता जोंगिले आखडलेला गुडघा सांभाळत कष्टाने खाली बसले, टोपी काढली आणि प्यायले. त्यांच्यानंतर भांडं नोझुकोकडे गेलं. मग बाकीच्यांकडे, एकेकाकडे. तोवर सोबेक्वाचा हात पुढेच होता. मागे घ्यावा तर सगळे बघत होते.

त्याच्यापर्यंत भांडं आलं तेव्हा तळाशी नुसता गाळ राहिला होता. माबेलेने ते रीतीप्रमाणे दोन्ही हातांनी दिलं. आणि तो प्यायला.