खाऱ्या पाण्यातली जाळी

अनाएली म्बिसे हसताना ओठ मिटून घ्यायची. मेरू पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या गावच्या पाण्याने तिचे दात तपकिरी केले होते. थोरल्या भावाची तर त्या पाण्यातल्या फ्लोराइडने हाडंच वाकली. चाळिशीतच त्याच्या हातात काठी आली.

म्हणून आरुशा शहरातल्या प्रयोगशाळेत तिने सहा वर्षं एकच ध्यास घेतला होता. धातू आणि सेंद्रिय आम्ल जोडून अशी सूक्ष्म छिद्रांची जाळी बनवायची, की फ्लोराइड तिच्यात अडकून राहील. झिर्कोनियमची जाळी जमली. उकळत्या पाण्यात टिकली, आम्लातही टिकली. त्या पांढऱ्या भुकटीच्या गोळ्या करून तिने आपल्या गावच्या शाळेच्या टाकीला गाळणी बसवली. फ्लोराइड नसलेल्या वरच्या झऱ्यापर्यंतची बायका-मुलींची दोन तासांची पायपीट थांबली.

चौथ्या महिन्यात गाळलेल्या पाण्यात तेच सेंद्रिय आम्ल सापडलं. जाळी सुटत होती. चाचण्या तिने शुद्ध पाण्यात फ्लोराइड घालून केल्या होत्या. गावच्या पाण्यात मात्र सोड्यासारखा खारही होता, आणि तो जाळीचे सांधे कुरतडत होता. त्याच खारामुळे आईच्या शेंगा चटकन शिजायच्या. हे आपण विसरलोच कसे, याची तिला लाज वाटली.

डॉक्टर उरियो, तिचे वरिष्ठ, म्हणाले की प्रमाण नगण्य आहे, पुढच्या महिन्यात गाळणी बघायला परदेशी पाहुणे येताहेत, तोवर थांब. प्रमाण खरंच नगण्य होतं. पण पोरांनी ते वर्षानुवर्षं प्यायलं तर काय होईल, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती गावाला गेली.

मुख्याध्यापिका नसारीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चार महिने पोरांना काय पाजलंस, ते तुलाच माहीत नाही?"

"नाही, बाई."

गाळणीचा नळ अनाएलीने स्वतःच्या हाताने बंद केला. रांगेतल्या बायकांनी रिकाम्या बादल्या उचलल्या. भाऊ काठीवर रेलून बघत होता.

"माझी पोरगी उद्यापासून पुन्हा झऱ्यावर जाणार," तो म्हणाला. "तू जा आरुशाला."

गावच्या पाण्याचे दोन कॅन तिने भरून घेतले. ते बसमध्ये चढवायला कुणी हात लावला नाही.

त्यानंतर प्रत्येक नवी जाळी तिने त्याच पाण्यात बुडवून पाहिली. अकरा विरघळल्या. बारावी दहा महिने टिकली, तेव्हा ती नसारीबाईंना सांगायला गेली.

"दोन वर्षं टिकू दे," बाई म्हणाल्या. "मग ये."

अनाएलीला ते पटलं. भाऊ मात्र अजून तिच्याशी बोलत नाही.