तळाचे टाके

मित्रांनो, मी एक जुनी हत्यारांची पिशवी आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या कमरेच्या पट्ट्याला मी लटकते. पाने, पक्कड, पेचकस पोटात घेऊन दिवसभर वरखाली करते. माझं कापड जाड आहे, रंगही अजून टिकून आहे. पण माझं बरंचसं आयुष्य भीतीत गेलं, आणि ती भीती उगीच नव्हती.

कारखान्यात मला शिवलं तेव्हा मशीनच्या बॉबिनचा दोरा सैल होता. शिवणाऱ्या बाईंच्या ते ध्यानात आलं होतं. पण मागे कामाचा ढीग साचलेला आणि मुकादम डोक्यावर उभा. माझ्या तळाच्या एका कोपऱ्यात टाके पडले ते नुसते नावाला. वरून मी झकास दिसत होते, म्हणून मिस्त्रीने मला दुकानातून आणलं.

त्याचा मेहुणा त्याच्याच जोडीला काम करायचा. मिस्त्री लिफ्टच्या टपावर उभा राहायचा आणि मेहुणा पार खाली, लिफ्टखालच्या खड्ड्यात. टपाच्या कडेपासून खड्ड्यापर्यंत, लिफ्ट आणि भिंतीच्या मधे, नुसती अंधारी पोकळी. पहिल्या दिवशी मी तिच्यात डोकावले आणि माझं सगळं लक्ष त्या कोपऱ्याकडे गेलं.

पहिला टाका तुटला तो कुणाला कळलाच नाही. आणखी काही तुटले तेव्हा दोऱ्याचं टोक लोंबू लागलं. मिस्त्रीने ते दाताने तोडलं आणि म्हणाला, "रविवारी बघतो." रविवार येत गेले, जात गेले. पिशवीला तोंड असतं, पण ते बोलायचं नव्हे. जड पाना कोपऱ्याकडे सरकला की मी उरलेले टाके मोजायचे. खालून मेहुण्याचं गुणगुणणं ऐकू यायचं, आणि तो गप्प झाला की मी अधिकच घाबरायचे.

एके दुपारी मिस्त्री तार तपासायला वाकला आणि कोपरा उसवला. पाना माझ्यातून निसटताना मला जाणवला. तो भिंतीवर आपटला, पुन्हा आपटला, मग तळाशी ठण्ण झालं. त्यानंतर काहीच ऐकू येईना. मिस्त्री टपाच्या कडेला ओणवा होऊन खाली अंधारात बघत राहिला.

खूप वेळाने खालून आवाज आला. "दाजी, आहे मी. खांद्याला घासून गेला. तुम्ही घाईने उतरू नका."

घरी मेहुण्याचा सुजलेला खांदा त्याच्या ताईने, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोने, पाहिला. मेहुणा हसत म्हणाला, "दाजींच्या पान्याला माझा पत्ता बरोबर ठाऊक होता." ताई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची. तिने मला उलटं करून कोपऱ्यात बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"भाऊ माझा आणि नवराही माझाच," ती हळूच म्हणाली. "मी खड्ड्यात कुणाला उभं करू?"

मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, "देतो फेकून. नवी आणतो."

"नवीचा तळ बघणार आहात का? त्यापेक्षा हिलाच शिवा. तुमच्या हाताने."

मिस्त्री वरच्यावर दोन टाके घालायला निघाला, तेव्हा तिने त्याचा हात धरला. "आधी सगळं उसवा. कच्च्यावर पक्कं बसत नाही."

मित्रांनो, माझा तळ सुटा झाला तेव्हा मला वाटलं, संपलं आता. टोच्याने भोकं पाडली गेली. मेण चोळलेला दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया, एक इकडून आणि एक तिकडून, एकाच भोकातून. प्रत्येक टाका तो दोन्ही हातांनी खेचून आवळत होता. एकदा ओळ वाकडी गेली, ती ताईने उसवायला लावली. मिस्त्रीच्या बोटाचं रक्त माझ्या कापडावर पडलं, तो डाग अजून आहे. शेवटी मला हत्यारांनी भरून दाराच्या कडीला टांगलं आणि त्याने वारंवार हिसके दिले. प्रत्येक हिसक्याला मी डोळे मिटत होते. टाके हलले नाहीत.

खांदा बरा झाल्यावर दोघं पुन्हा कामावर गेले. मिस्त्री म्हणाला, "आज तू वर जा. मी खाली थांबतो."

मेहुण्याने मला हातात घेतलं, उलटं केलं, तळावरून अंगठा फिरवला आणि परत दिलं. "तुम्ही शिवलंय ना? मग मी खालीच जातो." आणि तो खड्ड्यात उतरला.

माझी भीती गेलेली नाही. मिस्त्रीचीही नाही. फरक इतकाच, की आता रोज सकाळी तो मला रिकामी करून उजेडात धरतो. तुमचंही एखादं दप्तर, एखादी पिशवी असेल. आज तिच्या तळाशी हात फिरवून बघा. तिला सांगता येत नाही, आणि तिच्याखाली कोण उभं आहे ते तुम्हाला दिसत नाही.