टबात उतरायचे कपडे

मी नजीर पिंजारी. सावद्यात गाद्या-रजया भरतो, तीस वर्षं झाली. ढीगभर कापूस एका खोळीत कोंबणारा माणूस मी, आणि चार दिवसांच्या सहलीची एक बॅग मला दोन दिवस भरता येईना. हसा, हसा. बायकोही हसली.

यादी पोरीनं पाठवली होती. कहकशा माझी एकुलती एक, धुळ्याला दिली. तिच्या नवऱ्यानं, उजैरनं, जैसलमेरच्या पुढं वाळवंटात अख्खं घर भाड्यानं घेतलं होतं. आम्ही दोघं, ती दोघं, आणि धुळ्याचे व्याही नि विहीणबाई. अंगणात म्हणे गरम पाण्याचा टब. आत बसायचं, खालून बुडबुडे येतात. दुपारी बायका, संध्याकाळी पुरुष, हे विहीणबाईंनी आधीच ठरवून टाकलेलं. यादीत गॉगल, टोपी, ओठांचं मलम, आणि चौथ्या ओळीत 'टबात उतरायचे कपडे, प्रत्येकी दोन जोड'.

त्या चौथ्या ओळीशी माझं घोडं अडलं.

कारण सांगतो, आता लपवून काय करू? माझ्या पाठीवर कोड आहे. दोन वर्षांपूर्वी कमरेवर रुपयाएवढा डाग होता, आता पाठ अर्धी पांढरी. गेल्या महिन्यात डाव्या हाताची दोन बोटंही पांढरी झाली. डॉक्टर म्हणाले, लागण होत नाही, दुखत नाही, कातडीचा रंग जातो, एवढंच. एवढंच! त्यांना व्याही नाहीत वाटतं.

"मी टबात उतरणारच नाही," मी तबस्सुमला, म्हणजे बायकोला, सांगितलं. "सर्दी झाली म्हणेन."

"चार दिवस सर्दी?"

"मग गुडघा म्हणेन."

"गुडघ्यालाच तर गरम पाणी चांगलं असतं," ती केळीच्या वेफर्सचा डबा बॅगेत दाबत म्हणाली. "सुगराअक्काला सांगा. गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगभर शिवून देईल. असले कपडे घालतात आता लोक पोहायला."

"तिला काही सांगायचं नाही!" मी असा ओरडलो की ती गप्पच झाली. पण गप्प बसणारी बायको कधी ऐकलीय का? तिनं त्याच दुपारी चोपड्याला फोन केला.

सुगरा माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, हिनंच मला वाढवलं. विसाव्या वर्षी हिच्या तोंडावर कोड उठलं, मग दोन्ही हातांवर. नवरा वारला तशी चोपड्यात शिवणकाम करून एकटी राहते. हिला मी का टाळत होतो, ते पुढं येईलच.

निघायच्या आदल्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं आली. दारातूनच चोपड्याच्या बोलीत म्हणाली, "काय रे नजीर, बठ्ठं भराई गयं का?" म्हणजे, सगळं भरून झालं का. चेष्टेवर आली की ती तिकडचं बोलते.

तिनं पिशवीतून निळा पोशाख काढला. लांब बाह्या, उंच गळा, पाठीला दुहेरी कापड. "ओला झाला तरी आतलं दिसणार नाही. मी बादलीत बुडवून बघितलाय." माझं माप घ्यायची तिला गरजच नव्हती. लहानपणापासून माझे सदरे तीच शिवते. कोणी विचारलं तर उन्हाचा त्रास होतो म्हण, असंही शिकवलं. संध्याकाळी कसलं ऊन, हे तिच्या ध्यानात आलं नाही. कधीपासून आहे, मला का नाही सांगितलंस, यातलं एक अक्षर तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडलो असतो, आणि मला बरं वाटलं असतं.

पोशाखाची घडी उलगडली तर आतून हातमोजे पडले. पिस्ता रंगाचे, रेशमी, कोपरापर्यंतचे.

"हे कुणाचे? हे तर बायकी आहेत."

"माझेच. तुझ्या बोटांसाठी शिवायचे तर नमुना असावा म्हणून आणले," ती म्हणाली. "कहकशाच्या लग्नात घालायला शिवले होते. साडी पिस्ता रंगाचीच होती ना. म्हटलं, हात झाकले, पदर नाकावर घेतला, तर पाहुण्यांना काय कळतंय?"

मी हातमोज्यांची घडी घालू लागलो.

"तू गाडी पाठवतो म्हणाला होतास. सकाळी सातपासून तयार होऊन ओट्यावर बसले होते मी," ती हसत सांगत होती. "दुपार कलली, अस्रची अजान झाली तेव्हा घरात गेले. गाडी बिघडली असेल. लग्नघरात हजार भानगडी असतात."

गाडी बिघडली नव्हती. गाद्या पोचवायची माझी ती गाडी दिवसभर मांडवापुढं उभी होती आणि चावी माझ्या खिशात होती. व्याह्यांनी डाग पाहिला तर 'घराण्यात आहे' म्हणून वरात परत नेतील, या भीतीनं मी तिला आणलं नाही. आणि लोकांनी विचारलं तेव्हा या बाईनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं, आपल्यालाच ताप आला होता म्हणून! मला माझीच लाज वाटली. अशी, की तिच्या तोंडाकडं बघवेना.

तेवढ्यात फोन वाजला. व्याह्यांचा व्हिडिओ कॉल. मी काही बोलायच्या आत अक्का उठली. पिशवी उचलली, चपलाही उचलल्या, आणि स्वयंपाकघरात दाराआड जाऊन उभी राहिली. मी सांगितलं नव्हतं हो. तिला सांगावंच लागलं नाही.

"काय नजीरभाई, झाली का तयारी?" व्याही म्हणाले. मी डावा हात मांडीखाली दाबला. त्यांनी टबासाठी घेतलेल्या नव्या चड्ड्या दाखवल्या, एकीवर उंट होते. मी हसलो. "आवाज येत होता, पाहुणे आहेत का घरात?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं.

तोंडातून गेलंच ते. तीन वर्षांपूर्वी, लग्नात व्याह्यांनी भावंडं विचारली तेव्हा गेलं होतं तसंच, सहज. तबस्सुमनं माझ्याकडं असं पाहिलं की आगच ओकली असती तर बरं. फोन ठेवला. दाराआडून अक्काचा आवाज आला, दबका.

"झालं का रे बोलणं? येऊ का बाहेर?"

माझ्या घरात, मला वाढवणारी बाई मला विचारत होती, येऊ का बाहेर. मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो. ती पिशवी छातीशी धरून कणगीला टेकून उभी होती. मी तिच्या शेजारी उभा राहिलो आणि व्याह्यांना परत फोन लावला, व्हिडिओच. फोन मुद्दाम डाव्या हातात धरला.

"अरे, कुणाला लावतोस?" तिनं झटकन पदर तोंडावर ओढला.

"राहू दे तो पदर, तोंड झाकू नकोस."

"वेड लागलं का तुला? पोरीचं सासर आहे ते!"

"अक्का, राहू दे म्हणतो ना."

पडद्यावर व्याह्यांचा चेहरा आला. मी डाव्या हाताची बोटं आधी कॅमेऱ्यापुढं धरली, मग फोन तिच्याकडं वळवला.

"व्याही, मघाशी कोणी नाही म्हटलं, ते खोटं होतं," मी म्हटलं. "ही माझी थोरली बहीण, सुगरा. लग्नात दाखवायची राहिली."