पुढे कोण होणार?

दोन वर्षं माझी डोंगरात चालवायची सायकल मागच्या पडवीत उभी होती आणि तिच्यावर कपडे वाळत होते. हँडलवर नवऱ्याच्या लुंग्या, सीटवर माझे डोक्याचे रुमाल. आमच्या लेंबांगच्या गारठ्यात कपडे लवकर वाळत नाहीत, त्यामुळे सायकलीला सुट्टी अशी मिळायचीच नाही. रुस्मान, म्हणजे माझा नवरा, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "इतकं महागाचं स्टँड अख्ख्या गल्लीत कुणाकडे नाही." मी हसायचे. त्याच सायकलीवरून पाइनच्या जंगलात पडून मी खांद्याचं हाड आणि खुबा मोडून घेतला होता, तेव्हा हसण्यावाचून गत्यंतरही नव्हतं.

मग एक दिवस गारुतहून भाच्याचा फोन आला. "मावशी, नुसती उभीच आहे तर मी नेऊ का?" गोड बोलून मागितलीन, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथल्या तिथे ठरवलं. येत्या रविवारी मी मुळांच्या जिन्यावरून चाकांवर खाली येईन, नाहीतर सोमवारी सायकल गारुतला जाईल. रुस्मानला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग आत्ताच कळवू का भाच्याला, टेम्पो बघायला?"

मुळांचा जिना म्हणजे आमच्या उतरणीतली सगळ्यात वाईट जागा. पाइनची मुळं एकाखाली एक अशी उघडी पडलीत, आणि मध्येच एक वळण आहे. मी पडले ती तिथेच. त्या जागेची भीती माझ्या पोटात अशी बसली होती, की शिवणयंत्राचं पायडल जरा जोरात दाबलं गेलं तरी हात आपोआप ब्रेक शोधायचे.

पण माझ्याकडे एक तोड होती. तिचं नाव कांग एंगकोस, कांग म्हणजे दादा. टायरचं दुकान चालवणारा हा माणूस आमच्या सायकलवाल्या टोळीचा म्होरक्या. उतरणीवर त्याच्या मागच्या चाकावर नजर ठेवायची, ते जिथून जाईल ती चाकोरी धरायची, बाकी दरीबिरी काही बघायचं नाही. मी आयुष्यभर तशीच उतरले होते. एंगकोस पुढे असला की मी उतरेन, याबद्दल मला शंका नव्हती.

आणि एंगकोस तर दर रविवारी जातच होता. तो, गाद्यांचा व्यापार करणारे पाक हाजी ओमान आणि टपालखात्यातली ईस, तिघेही. दर रविवारी ग्रुपवर फोटो यायचा: चिखलाने माखलेल्या सायकली, चिखलाचे शिंतोडे उडालेली तोंडं, खाली एंगकोसचा मजकूर, "आजची उतरण झकास. फक्त तेह युयुन हव्या होत्या." तेह युयुन, म्हणजे युयुनताई, ती मी. मी लगेच लाल बदामांची रांग पाठवायचे आणि फोन पालथा टाकून त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. टोळीचे शर्ट मीच शिवते. दर वर्षी तिघांची कंबर वाढवून द्यावी लागत होती. मला वाटलं, उतरून उतरून माणसं भरतात.

मी ग्रुपवर लिहिलं, "या रविवारी मीही येते." मग तिघांची उत्तरं एकामागून एक आली. तिन्ही एकच: "इन्शाअल्लाह."

खरं तर तेव्हाच मला कळायला हवं होतं. आमच्या सुंदा लोकांत एखाद्याला तोंडावर 'नाही' म्हणणं म्हणजे त्याच्या अन्नात माती कालवणं. म्हणून आम्ही नाहीच्या जागी इन्शाअल्लाह म्हणतो आणि समोरच्याने समजून घ्यायचं असतं. पण मी स्वतःच इतकी घाबरलेली होते, की मला ते आशीर्वाद वाटले.

रविवारी सकाळी उकार ड्रायव्हरच्या पिकअपमध्ये सायकली चढवल्या आणि आम्ही डोंगरावर गेलो. ही आमची जुनी पद्धत. वर गाडीने जायचं, खाली चाकांवर यायचं. रस्ताभर ईस माझा हात धरून बसली होती. पाक हाजी जपमाळ ओढत होते. मला वाटलं, माझ्यासाठीच.

वर पोचल्यावर उकारने विचारलं, "मी नेहमीसारखा मागे..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत पाक हाजी ओरडले, "जा बाबा तू! आम्ही चाकांवर येतो, विसरलास का?" उकारने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही गादीनेच त्याच्याशी तोंड उघडलं. मग म्हणाला, बरं झालं, मेहुणीचं लग्न आहे, जेवणाला तरी पोचेन. आणि गाडी वळवून गेला.

आम्ही चेऊ एनोकच्या, म्हणजे एनोकताईच्या, टपरीत बसलो. गरम बांद्रेक आलं, आल्याचा झणका नाकात गेला. निखाऱ्यावर भाजलेला चिकट भात आला. तळलेला टोफू आला. एंगकोसने दुसरी बशी मागवली, मग तिसरी.

"कांग, निघायचं ना?" मी म्हटलं.

"निघू की. तेह, तुम्ही काहीच खाल्लं नाहीत. हा घ्या तुकडा. चेऊ, यांना मिरचीची चटणी द्या."

"माझ्या पोटात काही जात नाहीये."

"मग थोडं थांबू. रिकाम्या पोटी उतरू नये."

"आणि भरल्या पोटीही," पाक हाजी म्हणाले. "डॉक्टर सांगतात."

म्हणजे नेमकं कसल्या पोटी उतरायचं, हे विचारणार तेवढ्यात चेऊ एनोक मागच्या दाराने आली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात खराटा. बादलीत दाट, लालसर चिखल.

"घ्या," ती म्हणाली. "आज कोबीच्या वाफ्यातला कालवलाय. मागच्या खेपेला पातळ झाला म्हणून हाजींनी कुरकुर केली होती." आणि तिने सवयीने खराटा बुडवून एंगकोसच्या पुढच्या चाकावर एक सपकारा मारला.

चेऊ एनोकने आमची तोंडं पाहिली, मग बाहेर पाहिलं. "अगं बाई, आज गाडी मागे लावली नाही? मग खाली कशाने जाणार?"

ईस रडायला लागली. पाक हाजी बांद्रेकच्या पेल्यात बघत बसले, जणू आत कुणी बुडालंय.

"कांग," मी म्हणाले, "हे काय आहे?"

"चिखल आहे," एंगकोस म्हणाला.

"तो दिसतोय मला. तुम्ही दोन वर्षं दर रविवारी इथे येऊन भात खाता, अंगाला चिखल फासता, फोटो काढता आणि गाडीत बसून घरी जाता?"

"दर रविवारी नाही," पाक हाजी घाईने म्हणाले. "रमजानात भात नसतो."

"उतरलं कुणीच नाही?"

"मी एकदा अर्ध्यापर्यंत गेले होते, तेह," ईस नाक पुसत म्हणाली. "चालत."

मला हसू यायला हवं होतं, पण संताप आला. दोन वर्षं मी गाद्यागिरद्यांवर पडून या माणसांचा हेवा केला होता. "अरे पण का? मला खोटं का सांगितलंत?"

"तुम्हीच दवाखान्यात म्हणालात," पाक हाजी म्हणाले. "'माझ्यामुळे तुमचं उतरणं बंद पडलं तर मी पुन्हा कुणाला तोंड दाखवणार नाही.' पुढच्या रविवारी आलो आम्ही. उतरवेना. पण तुम्ही फोटोची वाट बघत असणार. मग चेऊकडून थोडा चिखल घेतला. तुम्ही इतके बदाम पाठवलेत! म्हटलं, बिचारीला तेवढाच आनंद. मग थांबणार कसे?"

बदाम मी त्यांना वाईट वाटू नये म्हणून पाठवत होते. फोटो ते मला वाईट वाटू नये म्हणून पाठवत होते. दोन वर्षं हा शिष्टाचार बिनबोभाट चालला होता, आणि त्यात फक्त चेऊ एनोकचे वाफे झिजले.

"पण कांग एंगकोस, तुम्ही?" मी म्हणाले. "तुम्ही तर डोळे मिटून उतरायचात."

एंगकोसने पहिल्यांदा बशी बाजूला सारली. "त्या दिवशी पुढे मी होतो, तेह. मी जरुरीपेक्षा जोरात गेलो. तुम्ही माझी चाकोरी धरून आलात. मग मागे आवाज झाला." त्याने आपली बोटं पाहिली. "अजून ब्रेकवरची बोटं उचलली की तो आवाज येतो. मी दुकानापासून मशिदीपर्यंतही चालतच जातो."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी आपली स्वतःच्या हाडांत गुंतलेले. माझा राग कुठे गेला ते कळलं नाही, पण आता माझी तोडही गेली होती. ज्याच्या चाकामागे मी उतरणार होते, त्याचं चाक दोन वर्षं फिरलंच नव्हतं.

पाक हाजींनी उकारला फोन लावला. पलीकडे नुसतं लग्नाचं गाणं ऐकू आलं. "डांबरी रस्त्याने जाऊ," ते म्हणाले. "लांब आहे, पण सपाट आहे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," मी म्हणाले. "मी डांबरीने गेले तर सायकल उद्या गारुतला जाते. मी तसं बोलून बसलेय."

"मग पुढे कोण होणार?" ईसने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्यात आधी दुसऱ्याला जाऊ देण्याची रीत आहे. पाक हाजी एंगकोसला म्हणाले, "मंगा," म्हणजे आधी तुम्ही. एंगकोस ईसला म्हणाला, "मंगा, मंगा." ईसने वाकून पाक हाजींना वाट दिली. दारातून आत शिरताना हे बरं दिसतं. शेवटी तिघेही माझ्याकडे वळले आणि अत्यंत आदराने हात पुढे केला.

"तेह, तुम्ही व्हा," एंगकोस म्हणाला. "तुमच्या मागच्या चाकावर नजर ठेवून येईन मी. दुसऱ्या कुणाच्या मागे नाही जमणार."

माझ्याच मागे! मोडक्या खुब्याच्या, कपडे वाळवणाऱ्या बाईच्या मागे! नाही म्हणावं असं फार वाटलं. पण ते त्याच्या तोंडावर कसं म्हणणार?

जंगलात आत शिरल्यावर पहिला टप्पा सोपा होता. सुया पसरलेली मऊ वाट. मी इतक्या हळू जात होते, की एक कोंबडी आम्हाला मागे टाकून गेली. पाठीमागे तीन ब्रेकांची कुईकुई ऐकू येत होती. मग मुळांचा जिना आला. मी थांबले. मागे सगळे थांबले.

तो माझ्या आठवणीतल्याइतकाच वाईट होता. लोक म्हणतात, जाऊन बघितलं की भीती लहान निघते. माझी नाही निघाली. खुबा असा ठणकला, जणू त्याने जागा ओळखली.

"तेह," एंगकोस मागून हळूच म्हणाला, "भीती वाटतेय का?"

मी मागे वळून पाहिलं. एवढा मोठा म्होरक्या, पण हेल्मेटखाली त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो माझ्या तोंडाकडे नुसता बघत होता. मी हो म्हटलं असतं तर तो त्या क्षणी सायकल खांद्यावर घेऊन घरी गेला असता आणि पुन्हा कधी तिच्यावर बसला नसता.

"छे!" मी म्हणाले. "भीती कसली? पडवीत उभी राहून सायकलच कंटाळलीय."

तो हसला. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं, की मला त्या सगळ्या फोटोंबद्दल एकदम फार माया वाटली. मग मी बोटं उचलली.

पहिलं मूळ, दुसरं मूळ, हाडं खडखडली, वळणावर मागचं चाक घसरलं, मी मोठ्याने आईला हाक मारली, आणि वाट सपाट झाली. मी उभी होते. सायकलही उभी होती. मागे धाडधाड आवाज झाला, पण तो एंगकोस होता, चाकांवर, अगदी माझ्याच चाकोरीतून. त्याच्यामागे ईस किंचाळत आली. पाक हाजी शेवटच्या मुळापासून बसून आले, पण सायकल त्यांच्यासोबत होती.

एंगकोसने हेल्मेट काढलं, पाठ आमच्याकडे केली आणि बराच वेळ बाहीने तोंड पुसत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"वारा फार आहे," तो म्हणाला. "डोळ्यांत जातो."

"फारच," पाक हाजी लगेच म्हणाले. "माझ्याही गेला."

"आहेच मुळी वारा," मी म्हणाले, आणि आम्ही चौघे त्या गच्च उभ्या, पानही न हलणाऱ्या झाडांखाली वारा पडायची वाट बघत थांबलो.