गेट मागच्या बाजूला

जुन्या ट्राम डेपोच्या जागेवर फुटबॉलचं स्टेडियम होणार, अशी बातमी आली आणि लाँड्रीवालीचे पाय जमिनीवर ठरेनात. लग्नाआधी ती गोलकीपर होती. तेव्हा मोडलेली करंगळी अजून वाकडी होती आणि ती सगळ्यांना कौतुकानं दाखवायची. शिवाय नकाशात मुख्य गेट होतं अगदी तिच्या दुकानासमोर!

तिची नणंद त्याच रस्त्यावरच्या प्रसूतिगृहात नर्स होती आणि तिचा स्टेडियमला कडाडून विरोध होता. घरात दोन पक्ष पडले. नवरा बिचारा मान खाली घालून जेवायचा. बहिणीकडे पाहिलं की बायको डोळे वटारायची, बायकोकडे पाहिलं की बहीण.

"वहिनी, मॅचच्या दिवशी वीस हजार माणसं या बोळात घुसली, तर अडलेल्या बाईला मी आत आणू कुठून? तुझ्या गोलपोस्टमधून?"

"अगं, मॅच काय रोज असते?"

"बाळंतपण रोज असतं."

तरी लाँड्रीवाली माघार घ्यायला तयार नव्हती.

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात सुनावणी झाली. खुर्च्या पुरेनात, लोक खिडक्यांत बसले. आर्किटेक्टनं भिंतीवर नकाशा लावला. कुणी म्हणालं, पोरींना खेळायला हक्काचं मैदान मिळेल. कुणी म्हणालं, गोंगाटानं डोकं उठेल. मग नर्स उभी राहिली.

"मागच्या वर्षी हा रस्ता खोदला होता. अँब्युलन्स कोपऱ्यावर अडकली. मी धावत गेले, बाळ गाडीतच झालं. वाचलं ते केवळ नशिबानं. दर वेळी नशीब धावून येईल का?"

तो दिवस लाँड्रीवालीला लख्ख आठवला. प्रसूतिगृहाच्या चादरींची हातगाडी तिनं त्या दिवशी कालव्याकडून, डेपोच्या मागून वळवून नेली होती, आणि ती वेळेत पोचली होती!

तिचं नाव पुकारलं गेलं. पाठ केलेलं भाषण साफ विसरून ती तडक नकाशाकडे गेली.

"पेन द्या जरा. हे बघा, ट्राम पूर्वी या मागच्या बाजूनं बाहेर पडायच्या. आता तिथं भिंत आहे. पण पलीकडचा कालव्याकडचा रस्ता आपल्या रस्त्याच्या दुप्पट रुंद आहे. रस्ता खोदला होता तेव्हा मी गाडी ढकलत नेली तिथून. सगळी गेटं तिकडे काढा. आमच्या रस्त्यावर एकही नको."

नणंद ताडकन उठली. "वहिनी! अगं, मग तुझ्या दुकानासमोर चिटपाखरूही फिरकणार नाही!"

"कळतंय मला," लाँड्रीवाली म्हणाली. दुकानावरून झेंडे नाचवत जाणारी गर्दी तिनं कितीदा मनात पाहिली होती. पण चेंडू कोपऱ्याकडे सुटला की अंग झोकून द्यायचं, मागचा विचार करायचा नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं.

आर्किटेक्टनं पट्टी लावून एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. चष्मा कपाळावर ढकलून तो ओरडलाच, "बसतंय!"

एकच गलका उठला. "आधी लेखी द्या!" नर्सनं टेबलावर हात आपटला. "या रस्त्यावर गेट नाही, आणि मॅचच्या दिवशी इथं एकही गाडी उभी राहणार नाही." ते ठरावात लिहून घेतलं, दोनदा वाचून घेतलं, तेव्हा कुठं ती खाली बसली.

हात वर झाले. बाजूनं दोनशे चौदा, विरुद्ध एकशे नव्वद. नर्सचा हात बाजूनं होता. नवऱ्यानं तर आनंदाच्या भरात दोन्ही हात वर केले आणि मोजणाऱ्या बाईची बोलणी खाल्ली.

लाँड्रीवालीला दम कुठला धरवतोय! तिनं नणंदेचा दंड पकडला, आर्किटेक्टला हाक मारली आणि निघाली डेपोच्या मागे. अर्धी सभा त्यांच्यामागे. भिंतीपाशी पोचताच तिनं पदर खोचला आणि लांब टांगा टाकत रस्ता मोजायला लागली. "एक, दोन, तीन..."

"वहिनी, टांगा सारख्या टाक, लबाडी नको!" असं ओरडत नणंदही पलीकडच्या टोकाकडून मोजत सुटली.